यहुदी धर्मातील श्रद्धेचे प्रश्न अभ्यासावेत कसे

यहुदी धर्माविषयी वाचायला बसणारा बहुतेक प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो असा, की यहुदी लोक नेमके काय मानतात. प्रश्न सरळ आहे, पण त्यापासून सुरुवात केली तर अभ्यास पहिल्याच पायरीवर अडतो. कारण या परंपरेत मानायच्या गोष्टींची यादी फार उशिरा आली, ती आल्यावर तिच्यावरून वाद झाला आणि तो वाद आजही मिटलेला नाही. म्हणून 'काय मानतात' हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा आणि 'माणसाकडून काय मागितले आहे' हा प्रश्न हाती घ्यावा. पुढील सूचना हिब्रू न जाणणाऱ्या, पण भाषांतरांच्या आधाराने का होईना मूळ ग्रंथांपर्यंत जाण्याची तयारी असलेल्या वाचकासाठी आहेत.

शब्द आधी तपासावा

आपण ज्याला श्रद्धा म्हणतो त्यासाठी हिब्रूत 'एमुना' हा शब्द आहे आणि प्रार्थनेच्या शेवटी येणारा 'आमेन' त्याच धातूतून निघाला आहे. कोशातला अर्थ पाहून पुढे जाऊ नये. तो शब्द प्रत्यक्षात कोठे व कशासाठी वापरला आहे ते पाहावे. हिब्रू बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात अमालेकी लोकांशी लढाई चालू आहे. टेकडीच्या माथ्यावर इस्राएल लोकांचा नेता मोशे याचे हात वर असतात तोवर इस्राएलाची सरशी होते आणि हात खाली आले की शत्रूची. हात जड होऊ लागतात, तेव्हा अहरोन आणि हूर त्याला बसायला धोंडा आणून देतात आणि दोन बाजूंनी एकेक हात धरून ठेवतात. बाराव्या वचनात म्हटले आहे की सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहिले. 'स्थिर' असे ज्याचे भाषांतर केले जाते तो मूळ शब्द एमुना हाच आहे. येथे एमुना मनात नसून थकलेल्या हातांत आहे, आणि दोघांनी आधार दिला म्हणून ती टिकली आहे.

वहीच्या एका पानावर श्रद्धा, विश्वास, निष्ठा आणि भरवसा हे चार मराठी शब्द लिहावेत आणि एमुना किंवा त्याच धातूचे क्रियापद जेथे जेथे भेटेल तेथे या चारांपैकी कोणता शब्द बसतो याची नोंद करावी. हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातील नीतिमान माणूस एमुनेने जगतो. तेथे 'निष्ठा' बरा वाटतो. उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातील सहाव्या वचनात अब्राहाम देवावर भरवसा ठेवतो. पण वाचन तेथेच थांबवू नये, कारण अवघ्या दोन वचनांनंतर तोच अब्राहाम देवाला विचारतो की हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजू. भरवसा आणि पुरावा मागणे यांत या ग्रंथाला विसंगती वाटलेली दिसत नाही. माझ्या स्वतःच्या नोंदींत 'श्रद्धा' हा शब्द सर्वांत कमी ठिकाणी बसला, कारण मराठीत तो अंतःकरणातल्या भावाकडे झुकतो, तर एमुना दिलेला शब्द पाळण्याकडे आणि कोणावर तरी विसंबून राहण्याकडे. दुसऱ्या कोणाच्या वहीत निष्कर्ष वेगळा निघाला तरी हरकत नाही.

एकच प्रश्न घेऊन शतके ओलांडावीत

देवाचे अस्तित्व, इच्छास्वातंत्र्य, दुःखाचे कारण, तोरेचे (म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राचे) ईश्वरी मूळ असे सगळे विषय एकाच वेळी हाती घेतले तर प्रत्येकाविषयी चार वाक्ये कळतात आणि एकाही विषयाचे मूळ सापडत नाही. त्यापेक्षा एक नेमका प्रश्न निवडावा आणि तो वेगवेगळ्या काळांतील पाच-सहा जणांना विचारावा. सुरुवातीसाठी मी एकच प्रश्न सुचवीन: श्रद्धेची आज्ञा देता येते का?

या प्रश्नाचे मूळ निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील दुसऱ्या वचनात आहे: तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणणारा तुझा देव परमेश्वर मीच आहे. ज्यांना आपण दहा आज्ञा म्हणतो त्यांना हिब्रूत 'दहा वचने' म्हणतात आणि यहुदी गणनेत हे वाक्य पहिले वचन आहे. ते सावकाश वाचले की लक्षात येते की त्यात कोणतीच आज्ञा नाही. एकाने स्वतःची ओळख करून दिली आहे, इतकेच. मग यातून माणसाने करायचे काय?

बाराव्या शतकातील मोशे बेन मैमोन, ज्यांना परंपरा रंबाम आणि बाकीचे जग मायमोनिडीस म्हणते, त्यांनी ही पहिली आज्ञाच ठरवली. आपल्या धर्मशास्त्रसंहितेच्या आरंभी ते म्हणतात की आदिसत्ता आहे हे जाणणे हा सर्व पायांचा पाया होय. येथे 'मानणे' नसून 'जाणणे' हे क्रियापद आहे, आणि या एका क्रियापदावर बराच वेळ घालवावा. रंबाम वैद्य होते, ॲरिस्टॉटलच्या परंपरेतले होते. त्यांच्या दृष्टीने देवाचे अस्तित्व युक्तिवादाने सिद्ध होते, आणि जे सिद्ध होते ते शिकून घेण्याची आज्ञा देण्यात त्यांना काहीच वावगे वाटत नाही.

त्यांच्या थोडेच आधी स्पेनमध्ये होऊन गेलेले यहुदा हालेवी यांची वाट वेगळी आहे. त्यांच्या 'कुझारी' या संवादग्रंथात खझार लोकांच्या राजाला स्वप्नात सांगितले जाते की तुझा हेतू देवाला आवडतो, पण तुझे आचरण आवडत नाही. राजा तत्त्वज्ञाला, मग ख्रिस्ती व मुस्लिम पंडितांना आणि शेवटी एका राब्बीला, म्हणजे यहुदी धर्मपंडिताला, बोलावतो. तुझी श्रद्धा काय, असे विचारल्यावर राब्बी जगाच्या निर्मात्याचे नाव घेत नाही. अब्राहाम, इसहाक व याकोब यांच्या देवाने इस्राएलाला मिसरातून बाहेर काढले, तेथून तो सुरुवात करतो. राजा चकित होतो आणि आपणही व्हावे, कारण येथे श्रद्धेचा आधार तर्क नसून एका लोकसमूहाची स्मृती आहे. वर दिलेले वचन पुन्हा उघडून पाहिले तर कळते की राब्बीने त्या वचनाचाच साचा उचलला आहे: तेथेही 'आकाश व पृथ्वी निर्माण करणारा' असे म्हटलेले नाही.

तिसरे नाव हसदाई क्रेस्कास यांचे. 1391 साली स्पेनमध्ये यहुद्यांविरुद्ध दंगली उसळल्या आणि त्यांत बार्सिलोनामध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा मारला गेला. 1410 मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात ते रंबामांच्या पहिल्या आज्ञेवर सरळ घाव घालतात. आज्ञा म्हटली की आज्ञा देणारा आधी मान्य केलेला असतो. ज्याला तो मान्य नाही त्याच्यासाठी 'मला मान' या आज्ञेला अर्थ नाही, आणि ज्याला मान्य आहे त्याला तिची गरज नाही. शिवाय एखादी गोष्ट खरी वाटणे हे इच्छेच्या ताब्यात नसते; पुरावा पटला की मन ते स्वीकारते, न पटल्यास हुकमाने स्वीकारत नाही. मग श्रद्धेबद्दल पुण्य कसले? क्रेस्कास यांचे उत्तर असे, की पुण्य पटण्याचे नाही, पटलेल्या गोष्टीतून होणाऱ्या आनंदाचे आणि ती समजून घेण्यासाठी घेतलेल्या कष्टांचे आहे. मुलगा गमावलेल्या माणसाने श्रद्धेच्या विचारात आनंदाला हे स्थान द्यावे, हे मला आजही नीट उलगडलेले नाही.

यापुढे अठराव्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोन यांच्याकडे जावे. 1783 साली त्यांनी मांडले की मोशेच्या नियमशास्त्रात 'तू हे मान' असे कोठेच म्हटलेले नाही, सर्वत्र 'हे कर' किंवा 'हे करू नको' असेच आहे. विसाव्या शतकात जेरुसलेममध्ये येशायाहू लाइबोविट्स यांनी हा विचार टोकाला नेला: श्रद्धा म्हणजे जगाविषयीची माहिती नव्हे; ती आज्ञांचे जू खांद्यावर घेण्याचा निर्णय आहे, आणि प्रार्थनेतून काही मिळावे ही अपेक्षाच चुकीची आहे. लाइबोविट्स वाचताना चीड येणे स्वाभाविक आहे. ती आली तर कोणत्या वाक्याला आली ते वहीत लिहून ठेवावे, कारण आपली स्वतःची भूमिका बहुधा त्याच वाक्याच्या आसपास दडलेली असते.

तेरा तत्त्वे त्यांच्या जागी वाचावीत

रंबामांची श्रद्धेची तेरा तत्त्वे आज प्रार्थनापुस्तकांत छापलेली असतात, म्हणून ती जणू या धर्माची घटना आहे असा समज होतो. तो टाळण्यासाठी ती मूळ जागी वाचावीत. मिश्ना या यहुदी कायद्याच्या प्राचीन संग्रहातील 'सनहेद्रिन' या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात भावी जगात कोणाला वाटा नाही याची चर्चा आहे, आणि तत्त्वे त्या अध्यायावरच्या अरबीत लिहिलेल्या भाष्यात आली आहेत. पुढे योसेफ अल्बो यांनी 1425 साली ती तीनवर आणली: देवाचे अस्तित्व, तोरेचे ईश्वरी मूळ, आणि कर्माचे फळ. शतक संपता संपता इसहाक अब्रावानेल यांनी तेरा तत्त्वांचा मोठ्या हिरिरीने बचाव केला आणि ग्रंथाच्या शेवटी सांगितले की तोरेत मुख्य आणि गौण असा भेद करणेच योग्य नाही, सगळेच तितकेच महत्त्वाचे आहे. यादी पाठ करण्यापेक्षा यादी का हवी आणि कोणाला नको, हे समजणे अधिक उपयोगी ठरते.

कथा शेवटपर्यंत वाचाव्यात

मिश्नेवरील राब्बींच्या चर्चांचा संग्रह असलेल्या तल्मूदमध्ये तत्त्वज्ञान प्रबंधाच्या रूपात येत नाही; ते कायद्याच्या चर्चेत आणि कथांत विखुरलेले आहे. 'किद्दुशिन' ग्रंथाच्या 39व्या पानाच्या दुसऱ्या बाजूवर एक मुलगा आहे. बाप त्याला इमारतीवर चढून पिल्ले आणायला सांगतो. तो चढतो, नियमाप्रमाणे आई-पक्षिणीला आधी उडवून लावतो, पिल्ले घेतो आणि उतरताना पडून मरतो. आईवडिलांचा मान राखणे आणि आई-पक्षिणीला जाऊ देणे या दोन्ही आज्ञांना तोरेत दीर्घायुष्याचे वचन जोडलेले आहे, आणि हा मुलगा दोन्ही एकाच वेळी पाळत होता. राब्बी याकोब म्हणतात की ते दीर्घायुष्य या जगातले नाही. बहुतेक वाचक येथे थांबतात. तल्मूद थांबत नाही: असे खरोखर घडले असेल का, मुलाच्या मनात काही वाईट विचार असेल का, असे विचारत विचारत ते शेवटी शिडीपाशी येते. शिडी डळमळीत होती, आणि जेथे धोका उघड दिसतो तेथे चमत्कारावर विसंबून राहू नये. मग एक टिपण येते: एलिशा बेन अबुया या विद्वानाने या वचनाचा अर्थ राब्बी याकोबासारखा लावला असता, तर तो धर्म सोडून गेला नसता. हा याकोब त्याच एलिशाच्या मुलीचा मुलगा.

अशी कथा वाचताना तीन गोष्टी कराव्यात. प्रश्न कोणत्या वचनावरून निघाला ते वचन उघडावे; दिलेली सगळी उत्तरे, अपुरी वाटणारीही, क्रमाने लिहावीत; आणि आपल्याला पटलेल्या उत्तराविरुद्ध मजकुरातच काय सांगितले आहे ते शोधावे. शिडीचे उत्तर प्रथम क्षुल्लक वाटते, पण देवाच्या न्यायाच्या चर्चेत मध्येच लाकडाच्या पायऱ्या तपासणारी बुद्धी ही या परंपरेची खास खूण आहे.

विसाव्या शतकात नाझींनी केलेल्या यहुद्यांच्या संहारानंतरचे लेखन मात्र याच पद्धतीने आणि इतक्या अलिप्तपणे वाचू नये. एलिएझर बर्कोवित्स यांनी एक भेद सांगितला आहे: आपण बायबलमधला, निरपराध असून दुःख भोगणारा ईयोब नाही, आपण ईयोबाचे भाऊ आहोत. जे छळछावण्यांतून गेले त्यांच्या श्रद्धेपुढे किंवा श्रद्धा सोडण्यापुढे बाहेरच्याने निवाडा देऊ नये. लेखक कोणत्या जागेवरून बोलतो आहे याची नोंद आधी करावी, युक्तिवाद नंतर तपासावा.

साधने आणि सोबत

मूळ ग्रंथ व त्यांची इंग्रजी भाषांतरे 'सेफारिया' या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. छापील तल्मूदचे एक पान तरी पाहावे: मध्यभागी मूळ मजकूर, बांधणीच्या बाजूला अकराव्या शतकातील राशी यांचे भाष्य आणि बाहेरच्या बाजूला 'तोसाफोत', म्हणजे पुढच्या पिढ्यांतील पंडितांची टिपणे. त्या पंडितांत राशींचे नातूही होते आणि आजोबांचे म्हणणे खोडून काढताना ते संकोच करीत नाहीत.

शक्य असेल तर एक सोबती शोधावा. दोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाचणे आणि एकमेकांच्या अर्थाला आव्हान देणे याला 'हव्रुता' म्हणतात. सोबती आपल्याशी सहमत असणारा नसावा. श्रद्धाळूला संशयी भेटला आणि संशयीला श्रद्धाळू, तर काम चांगले होते. आठवड्याला एक बैठक आणि एका बैठकीत एक परिच्छेद एवढी गती पुरे. एकट्याने अभ्यास करावा लागला तर प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतःच्या हाताने, शक्य तितके बळकट करून लिहावे आणि मगच उत्तराला हात घालावा.

तल्मूदमध्ये दोन्ही बाजू तुल्यबळ ठरल्या आणि निकाल लागला नाही, की एकच शब्द येतो: 'तेकू', म्हणजे राहू द्या तसेच. चर्चा पुढच्या मुद्द्याकडे जाते. वहीतही हा शब्द वापरावा, शेजारी तारीख घालावी आणि खाली अर्धे पान कोरे सोडावे. माझ्या वहीत क्रेस्कास यांच्या प्रश्नाखाली तो लिहिलेला आहे. लाइबोविट्स वाचून झाल्यावर एकदा मी तो खोडला होता, आणि काही महिन्यांनी त्याच्याच बाजूला पुन्हा लिहिला.