डिस्क की शेल? आधी पट्टी आखा

उद्यमनगरात वडलांचं लेथ मशीन होतं. पार्टिंग टूल आत घुसवलं की फिरत्या बारमधून गोल चकती सुटायची. टर्निंगला टूल अक्षाच्या बाजूनं सरकायचं आणि जॉबचा, म्हणजे कापायच्या बारचा, एकेक थर उतरायचा. पुढं डिप्लोमाला फिरवून होणाऱ्या घनाकृतींचं घनफळ आलं तेव्हा कळलं, हे तर आपण रोज बघत होतो. चकत्या मोजून घनफळ काढलं की डिस्क पद्धत, नळीसारखे थर मोजून काढलं की शेल पद्धत.

आता माझ्या क्लासमध्ये पोरं पहिल्यांदा हेच विचारतात, ‘सर, ह्याला कुठलं सूत्र?’ सूत्र राहू दे लगा, आधी आकृती काढ आणि त्यात एक बारीक पट्टी आख. पट्टी उभी की आडवी, हे समीकरणावरनं ठरवा. य = अमुक असं दिलं असेल तर उभी, क्ष = तमुक असेल तर आडवी. उभ्या पट्टीचं टोक मध्येच दुसऱ्या वक्रावर जात असेल तर दोन तुकडे करावे लागतात. तेव्हा आडवी करून बघा. ज्याच्याभोवती फिरवायचं त्या अक्षाकडं बघायचं ते ह्यानंतर. पट्टी अक्षाला काटकोनात असली तर फिरून चकती होते, म्हणजे डिस्क; समांतर असली तर नळी, म्हणजे शेल. सूत्र आपोआप ठरलं.

० ते १ मध्ये य = क्ष − क्ष³ घ्या. त्याच्या आणि क्ष-अक्षाच्या मधला भाग य-अक्षाभोवती फिरवायचाय. चकत्यांचाच हट्ट धरला तर पट्टी आडवी येते आणि प्रत्येक य साठी त्रिघाती समीकरण सोडवावं लागतं. बसा मग रात्रभर! उभी पट्टी अक्षाला समांतर, म्हणून शेल: त्रिज्या क्ष, उंची क्ष − क्ष³. दोन्हींचा गुणाकार क्ष² − क्ष⁴, त्याचं ० ते १ इंटिग्रेशन १/३ − १/५, म्हणजे २/१५. नळीचा घेर २ पाय (π) गुणिले त्रिज्या, म्हणून त्याला २ पायनं गुणलं की ४ पाय भागिले १५. (‘चार पाय’ म्हटलं की मागच्या बाकावर दरवर्षी हशा पिकतो.) हाच भाग क्ष-अक्षाभोवती फिरवला तर तीच उभी पट्टी काटकोनात येते, म्हणून डिस्क, आणि उत्तर ८ पाय भागिले १०५. अक्ष क्ष = २ ही रेषा असेल तर पुन्हा शेल, फक्त त्रिज्या २ − क्ष.

पट्टी अक्षाला टेकलेली नसेल तर चकतीला मधे भोक पडतं, बोअरिंग केल्यासारखं. तिथं बाहेरच्या त्रिज्येच्या वर्गातून आतल्या त्रिज्येचा वर्ग वजा करायचा. मी परीक्षेत य = क्ष आणि य = क्ष² मधला भाग क्ष-अक्षाभोवती फिरवताना त्रिज्या आधी वजा केल्या आणि मग वर्ग केला. यायला हवं होतं २ पाय भागिले १५, आलं पाय भागिले ३०. बरोब्बर चौथा हिस्सा. पेपर घरी दाखवला तर वडील म्हणाले, ‘भोक पाडल्यावर उरलेला माल असा मोजतात होय रे?’