आधी कंगवा, मग पाणी: घरच्या घरी कुत्र्याच्या केसांची निगा

दसरा-दिवाळीच्या सुमारास येऊरहून किंवा खारघरच्या टेकडीवरून कुत्रा फिरून आला, की त्याला थेट नळाखाली नेऊ नका. त्या दिवसांत वाळलेल्या गवताची कुसळं त्याच्या केसांत अडकतात. कुसळाची शेपटी पिळलेली असते. ओली झाली की ती उलगडत गरगर फिरते आणि टोक कातडीत शिरतं. म्हणून आधी अंग कोरडं असतानाच कंगवा फिरवा. पायांच्या बोटांमधली बेचकी, काखा आणि कान हाताने चाचपा. कानात आत गेलेलं कुसळ मात्र डॉक्टरांनीच काढायचं.

गुंत्यांचंही तसंच. पाणी लागलं की गुंता आवळतो आणि त्याचा नमदा होतो. तो बहुधा कानामागे, काखेत आणि पट्ट्याखाली सापडतो. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, मुळाशी केस दोन बोटांत घट्ट धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत या. कात्री अजिबात नको. गुंत्यात कातडीही वर ओढली गेलेली असते, ती दिसत नाही आणि केसांबरोबर कापली जाते. अगदी कातडीला चिकटलेला गुंता ग्रूमरकडून, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडून, मशीनने काढून घ्या.

लॅब्रॅडॉर आणि आपल्या देशी कुत्र्याला रबरी ब्रश पुरतो, तोही आठवड्यातून एक-दोनदा. गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्डला आठवड्यातून तीनदा स्लिकर (बारीक, वाकड्या तारांचा) ब्रश, शिवाय आतली लव काढायला रेक, म्हणजे लांब दात्यांचा कंगवा. शित्झू, ल्हासा या लांब केसांच्या जातींना रोज विंचरा.

लांब केसांवर नुसता वरवर ब्रश फिरवला तर वरून मऊ दिसतं आणि आत गुंता तसाच राहतो. मागच्या पायाच्या खालच्या बाजूने सुरुवात करा. डाव्या हाताने केस वर धरा, भांग पाडल्यासारखी कातडी दिसू द्या, आणि त्या रेषेखालची दोन बोटं रुंद पट्टी विंचरा. मग पुढची पट्टी. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच ती जागा झाली. स्लिकरचा जोर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर बघा. तिथे ओरखडा उठला तर कुत्र्यालाही उठणार.

गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, बोटांनी चिरडू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या फिकट पडल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत आतली लव आपोआप वाळत नाही. ओलसर राहिली की कातडी लाल होते, चिघळते. टॉवेल घासू नका, दाबून पाणी टिपा. नंतर ड्रायर थंड हवेवर, वीतभर अंतरावरून, केस बाजूला करत फिरवा. पट्टा काढून मानही वाळवा.

आणि उन्हाळ्यात गोल्डनचे किंवा शेफर्डचे केस मुळापासून उडवू नका, ते ऊन अडवतात. आतली सुटलेली लव तेवढी काढा.