ओबीच्या ढिगाऱ्यावर झाड लावण्याआधी

वणी-घुग्घुस पट्ट्यात चौदा वर्षं मी ओपनकास्ट, म्हणजे उघड्या, कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवर लागवडीची सुपरवायझर होते. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशाच्या वरून काढून बाजूला टाकलेली माती आणि दगड. पहिल्याच वर्षी एका ढिगाऱ्यावर आम्ही जूनमध्ये दोन हजार रोपं लावली. ऑगस्टमध्ये रोपं नव्हती आणि त्यांच्याखालची मातीही नव्हती. सगळा चिखल उतरून खालच्या कपाशीत बसला होता. शेतवाल्या काकू बांधावर उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: पाणी, उतार, माती, गवत, आणि झाड सगळ्यात शेवटी.

काम थांबलं म्हणून खाण कायद्यातून सुटत नाही. मॅनेजरची लेखी परवानगी आणि सोबत ओव्हरमन (खाणीतला देखरेख अधिकारी) असल्याशिवाय आत जाऊ नका. कोळसा मंत्रालयाच्या सूचनांनुसार (त्या पहिल्यांदा २००९ मध्ये आल्या, पुढे बदलल्या) प्रत्येक खाणीचा खाणबंदी आराखडा असतो आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे ठेवावे लागतात. ग्रामपंचायतीने माहिती अधिकारात तो आराखडा मागून घ्यावा. त्यात काय कबूल केलंय ते वाचूनच बोलणी करावी.

पहिली पाहणी भर पावसात करा. पाणी कुठून उतरतं, कुठे घळ पाडतं, हे उन्हाळ्यात कळत नाही. मी गेरूने खुणा करून ठेवायची. दुसरी फेरी थंडीत, पहाटे. जिथे वाफ निघते, रॉकेलसारखा वास येतो, तिथे आत कोळसा तापलेला असतो. त्याच्यावर चालू नका, खाली पोकळी असू शकते. आणि त्याच्यावर पाणी ओतू नका. वाफेचा भडका उडतो. अशा जागी खाणीच्या माणसांनी मशिनने तापलेला माल काढून, पातळ पसरून थंड करायचा, मग चिकणमातीने दाबून हवा बंद करायची. ही आग विझेपर्यंत लागवडीचा विषयच काढू नका.

आता उतार. डंपरने ओतलेला माल साधारण ३७ अंशांवर थांबतो आणि पाऊस लागला की घसरतो. पर्यावरण मंजुरीत एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको अशी अट असते. म्हणजे एक मीटर उंचीला जवळपास दोन मीटर आडवी जागा. पोकलेनने टप्पे पाडून घ्या. प्रत्येक टप्प्याचा उतार आतल्या बाजूला, ढिगाऱ्याच्या अंगाकडे हवा. बाहेरच्या बाजूला असला तर पाणी टप्प्याची कड खात जातं. आतल्या कडेला चर, चरातून दगडी पाटाने पाणी खाली, पायथ्याला दगडाची भिंत, भोवती चर आणि शेवटी गाळ बसायला तळं. चराची पातळी मी हायड्रोमार्करने, म्हणजे पाणी भरलेल्या नळीच्या साधनाने, तपासायची. नजरेवर विसंबलेला चर हमखास फुटतो.

मातीबाबत आपल्या भागात एक चूक वारंवार होते: उतारावर काळी माती टाकतात. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि गोधडीसारखी खाली सरकते. काळी माती फक्त सपाट माथ्यावर टाका. डंपरच्या चाकांनी माथा घट्ट झालेला असतो, म्हणून आधी डोझरने तो खोल उकरून घ्या. उतारावर मुरूमच राहू द्या, खड्ड्यापुरतं शेणखत आणि गाळ भरा. चंद्रपूर जिल्ह्यात मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, त्यांचा गाळ उत्तम. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने खाणीच्या ढिगाऱ्यावर सेंद्रिय गाळ आणि मुळांशी राहणारी बुरशी वापरून झाडं उभी केली, ती पद्धत आजही उपयोगी आहे. पण आधी मातीचा सामू (पीएच) तपासा. आंबट निघाली तर चुना घातल्याशिवाय खताचा पैसा वाया जातो.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर स्टायलो आणि मारवेल हा चारा पेरा, माथ्यावर ताग. एक पावसाळा फक्त गवताला द्या. साहेबांना झाडांचा आकडा हवा असतो, तिथे ठाम राहा. दुसऱ्या पावसाळ्यात दीड फुटाच्या खड्ड्यात शिसू, करंज, सिरस, खैर, कडुनिंब, आवळा आणि पायथ्याला बांबू लावा. वेडी बाभूळ नको. ती दाट माजते आणि वस्तीजवळच्या ढिगाऱ्यांवर बिबट्याला लपायला जागा होते. तीन वर्षं गुरं बंद, गवत मात्र कापून नेऊ द्या. कापायला येणाऱ्या बायाच फुटलेला चर सगळ्यात आधी सांगतात. आमच्याकडे तसंच झालं.

कोळसा काढलेल्या खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी वरून शांत दिसतं, पण कडा सरळ तुटलेली असते. एक बाजू गुरं आणि माणूस बाहेर येऊ शकेल इतकी सपाट करून घ्या, बाकी तिन्ही बाजूंना कडेपासून लांब चर आणि काटेरी कुंपण. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, मगच मोटार लावा.