पाडलेलं विमान कुणाच्या वहीत शोधायचं?

हवाई युद्धाच्या नोंदी तपासायला नवीन बसलेला माणूस आधी वैमानिकाचा कॉम्बॅट रिपोर्ट, म्हणजे झुंजीनंतर त्याने दिलेला अहवाल, उघडतो. मीही तेच केलं. सप्टेंबर 1940, हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाचा वैमानिक, वेळ 11.45, 'धूर सोडत ढगात शिरलं'. जर्मन तुकडीच्या अहवालातही त्याच दिवशी 11.45ला एक मेसरश्मिट लढाऊ विमान गेलेलं. इकडचा दावा, तिकडचं नुकसान, जोडी जमली! दोन दिवस मीच हवेत होतो. मग एका जुन्या अभ्यासकाने एवढंच विचारलं, "घड्याळ कुणाचं?" त्या महिन्यात जर्मन घड्याळ ब्रिटिश घड्याळाच्या एक तास पुढे होतं. माझ्या हरिकेनने जमीन सोडण्याआधीच ते मेसरश्मिट पडलेलं होतं.

तेव्हापासून झेरॉक्स हातात आली की आधी कोपऱ्यात पेन्सिलीने लिहितो: वेळ कुणाची.

धुराचंही तसंच. मेसरश्मिट पूर्ण थ्रॉटल देऊन खाली सुटलं की इंजिनच काळा धूर ओकायचं. मागून गोळ्या झाडणाऱ्या वैमानिकाला वाटायचं, लागलं. तो खोटं बोलत नसे, पण पुढे काय झालं हे बघत बसला असता तर त्याच्याच शेपटीवर कुणी आलं असतं. एका बॉम्बरवर पाच जणांनी गोळ्या झाडल्या की दावेही पाच. 15 सप्टेंबर 1940ला ब्रिटनने 185 विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं. युद्धानंतर जर्मनांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा आकडा साठच्या आसपास उतरला.

म्हणून शोध घ्यायचा तो ज्याचं विमान गेलं त्याच्या वहीत. बदली विमान मागायचं तर नुकसान लिहावंच लागतं, तिथे बढाईला जागा कमी. अर्थात ती वहीही वाचता यायला हवी. जर्मन यादीत नुकसान टक्क्यांत असतं. साधारण 60च्या वर म्हणजे विमान निकालात, त्याखालचं बहुधा दुरुस्तीला. नवखे लोक 30 टक्केवालंही 'पाडलेलं' म्हणून मोजतात.

कधीकधी ही वही उघडायलाच वर्षं जातात. 7 सप्टेंबर 1965ला पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावरच्या हल्ल्यातून भारतीय हवाई दलाच्या स्क्वाड्रन लीडर देवय्यांचं मिस्टेअर लढाऊ विमान परतलं नाही. त्यांनी काय केलं हे पाहून सांगायला आपल्या बाजूचं कुणीच नव्हतं. पाकिस्तानच्या बाजूने लिहिणाऱ्या एका ब्रिटिश लेखकाच्या 1979च्या पुस्तकातून कळलं, की त्या दिवशी पाकिस्तानचं एक स्टारफायटर लढाऊ विमान मिस्टेअरशी झुंजताना पडलं होतं. आपल्या माणसाचा पुरावा समोरच्याच्या कागदात निघाला. देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं ते 1988मध्ये.

वैमानिकाच्या घरच्यांना पत्र लिहाल तेव्हा 'खोटा दावा' हे शब्द चुकूनही नकोत. 'जुळणारं नुकसान सापडलं नाही' एवढंच लिहा, आणि खरंही तेवढंच असतं. जोडी बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नका. त्या हरिकेनवाल्याच्या नावासमोर माझ्या वहीत आजही पेन्सिलीचं प्रश्नचिन्हच आहे.