फिजिक्सचे अवॉर्ड आणि आउटरीच: इंदूरच्या बीएस्सीवाल्यांसाठी

दर वर्षी फर्स्ट इयरचं कोणी ना कोणी विचारतंच, ताई फिजिक्समधे अवॉर्ड-बिवॉर्ड मिळतात का आणि मिळालेच तर पुढे उपयोग होतो का. प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी राजेंद्रनगरातली, बीएस्सी आणि एमएस्सी दोन्ही इंदूरलाच केलं, त्यामुळे जे सांगतेय ते आपल्या इथल्या हिशोबानेच.

परीक्षेवाले अवॉर्ड आधी उरकते कारण त्यांच्याबद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. फिजिक्स ऑलिम्पियाडची गाडी बारावीपर्यंतच, आधी आयएपीटीची (फिजिक्स शिक्षकांची देशपातळीवरची संघटना) एनएसईपी परीक्षा, मग त्याच्या पुढची आयएनपीएचओ परीक्षा, मग मुंबईला होमी भाभा सेंटरचा कॅम्प, आणि शेवटी अख्ख्या देशातून 5 जणांची टीम. कॉलेजात आलात की तो विषय संपला, आता हळहळून काही होत नाही. बीएस्सीवाल्यांसाठी त्याच आयएपीटीची एनजीपीई ही परीक्षा असते, ऑप्शनवाले प्रश्नही येतात आणि सोडवून दाखवायचे प्रॉब्लेमही, आणि तिचा अभ्यास पुढे जॅमला (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) जसाच्या तसा चालतो, म्हणून मेडलची आशा नसली तरी द्याच. याशिवाय आयएपीटी नवीन प्रयोग, निबंध आणि कम्प्युटेशनल फिजिक्स यांच्याही स्पर्धा घेते. आमच्या बॅचमधे हे कोणाला माहीतच नव्हतं, सगळे एनजीपीईच्या मागे. हात चांगला चालत असेल तर माझं मत विचाराल तर प्रयोगाची स्पर्धा बघा.

आता आउटरीच, म्हणजे शाळेत, लोकांत जाऊन फिजिक्स समजावून सांगणं. इथे बहुतेकांचा समज असा की 28 फेब्रुवारीला सायन्स डेचा मोठा कार्यक्रम केला, बॅनर लावला, पाहुण्यांना श्रीफळ दिलं की झालं काम. अवॉर्ड देणारे हे बघतच नाहीत हो! अमेरिकेत सोसायटी ऑफ फिजिक्स स्टुडंट्स म्हणून संघटना आहे, ती कॉलेजच्या चॅप्टरना (म्हणजे शाखांना) मार्श व्हाइट अवॉर्ड देते, आणि गंमत म्हणजे तो झालेल्या कामाला नाही तर करणार असलेल्या कामाच्या प्रपोजलला मिळतो, म्हणजे कोणासाठी करणार, काय करणार, पैसे कशात जाणार हे आधी कागदावर आणावं लागतं. आपल्याला तो भरायचा नाहीये, पण आपल्याकडे एसपीआयई किंवा ऑप्टिका या प्रकाशविज्ञानाच्या संघटनांचे स्टुडंट चॅप्टर असतात त्यांच्या आउटरीचच्या ग्रँटलाही साधारण हेच लिहावं लागतं, त्यामुळे सवय आतापासून लावा. आणि चॅप्टर असेल तर फॅकल्टी अ‍ॅडव्हायझर कोण हे वर्षाच्या सुरुवातीलाच पक्कं करून घ्या, एका कॉलेजात सर बदलले आणि सही कोणी करायची या घोळात फॉर्मची तारीख निघून गेली, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

माझा सल्ला, एकच प्रयोग धरा आणि त्याच शाळेत परत परत जा. आम्ही केस आणि लेझर धरला होता. जेल रोडला लाल लेझर पॉइंटर स्वस्तात मिळतो (त्यावर लिहिलेल्या पॉवरवर भरवसा ठेवू नका, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीच्या खालीच स्टँडवर बांधा, हातात अजिबात द्यायचा नाही). लेझरसमोर एक केस ताणून चिकटवायचा आणि दोन मीटरवर भिंत. भिंतीवर उजेडाचे ठिपके आडवे पसरतात, मधे मधे काळी जागा. लाल लेझरची वेव्हलेंग्थ 650 नॅनोमीटर धरली आणि केस 70 मायक्रॉनचा (0.07 मिलीमीटर) असेल तर मधला रुंद ठिपका सोडून शेजारच्या दोन काळ्या जागांमधे जवळपास दोन सेंटीमीटर अंतर येतं, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीने केसाची जाडी मोजता येते! वेव्हलेंग्थ गुणिले भिंतीचं अंतर, भागिले हे दोन सेंटीमीटर, बस. सातवीच्या पोरांना भागाकार येतो, मग स्वतःच्या केसापासून मैत्रिणीच्या केसापर्यंत सगळे मोजून होतात आणि वर्ग आवरणं कठीण जातं.

सुरू करण्याआधी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर केसाच्या जाडीचा अंदाज लिहून घ्यायचा, आणि पुढच्या वेळी गेल्यावर मोजायचं कसं ते न बघता लिहायला लावायचं. या दोन चिठ्ठ्या म्हणजे पोरं काही शिकली याचा तुमचा पुरावा, पाहुण्यांसोबतच्या फोटोपेक्षा शंभरपट कामाचा. पोरं काय प्रश्न विचारतात तेही त्याच संध्याकाळी वहीत टिपून ठेवा, आठवड्याने काही आठवत नाही. शाळेकडून तारखेसकट पत्र घ्या, पोरांचे फोटो परवानगीशिवाय नकोत.

शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो) पण छान विषय आहे, आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत त्यामुळे इंदूरला तो येतो, पण जूनमधे येतो तेव्हा शाळांना सुट्ट्या आणि जुलैत परत येतो तेव्हा ढग, म्हणून तो कॉलनीच्या गच्चीवरच करावा लागतो. आरआरकॅटला (इंदूरचं लेझर आणि अ‍ॅक्सिलरेटरचं सरकारी संशोधन केंद्र) सायन्स डेच्या सुमारास ओपन हाऊस असतं, इलेक्ट्रॉन फिरवणारी 172 मीटर घेराची इंडस-2 रिंग जरूर बघा, पण पोरांना तिथे फिरवून आणलं हे तुमचं आउटरीच म्हणून लिहू नका, समजावून सांगायचं काम तिथल्या लोकांनी केलेलं असतं.

सीव्हीत अवॉर्डचं नाव लिहिलं की त्याच्या खालच्या ओळीत काय केलं ते लिहा, कारण पीएचडीच्या इंटरव्ह्यूत तिथूनच पकडतात. मला विचारलं होतं, केस तर प्रकाश अडवतो, मग अरुंद फटीतून जाणाऱ्या उजेडाचं सूत्र त्याला कसं काय लावलंत? उत्तर बॅबिनेचं तत्त्व, अडथळा आणि तेवढीच फट, मधला ठिपका सोडला तर पॅटर्न सारखाच. याच्यापुढचा प्रश्न बहुतेक मधल्या ठिपक्यावरच येतो, तेव्हा तोही करून जा.