सोलापुरात बसून ग्रीनलंडच्या बर्फाची नोंद कशी ठेवावी

उजनी धरणाची मे महिन्यातील पातळी सोलापूरकर ऑक्टोबरशी नव्हे, तर मागच्या मे महिन्याशी ताडून पाहतात; ग्रीनलंडच्या हिमचादरीलाही हाच नियम लावावा, कारण तेथे हिवाळ्यात हिम साचते आणि उन्हाळ्यात वितळते. प्रथम नासाकडून मोफत मिळणारी वस्तुमानाची मासिक आकडेवारी घ्यावी. २००२ ते २०१७ मधील ‘ग्रेस’ आणि २०१८ पासूनची ‘ग्रेस-एफओ’ या मोहिमांतील जोडउपग्रह सुमारे २२० किलोमीटर अंतराने फिरत, त्या अंतरातील सूक्ष्म बदलांवरून गुरुत्वाकर्षणातील आणि पर्यायाने बर्फाच्या वजनातील फरक टिपतात. दोन मोहिमांमधला खंड आलेखात मोकळाच ठेवावा. तो रेषेने जोडण्याचा मोह टाळलेला बरा. त्यानंतर ‘आइससॅट-२’ या उपग्रहाने लेसरद्वारे मोजलेली बर्फाच्या पृष्ठभागाची उंची पडताळावी. मात्र उंची घटली म्हणजे बर्फ वितळलाच असे नव्हे, कारण भुसभुशीत हिम दबल्यानेही पृष्ठभाग खचतो. २००९ ते २०१९ या काळात नासाच्या ‘ऑपरेशन आइसब्रिज’ या हवाई मोहिमेच्या विमानांनी रडारने बर्फाखालचा खडकही नोंदवला, बर्फाची जाडी काढताना ही नोंद फार मोलाची ठरते. गिगाटनांतील (एक गिगाटन म्हणजे एक अब्ज टन) बर्फाची घट ३६०ने भागल्यास समुद्रपातळीतील वाढ ढोबळमानाने मिलिमीटरमध्ये मिळते. तरंगत्या बर्फाला हे गणित लावू नये.