नागचाफा, सुरंगी की उंडी? ओळखताना या चुका टाळा

चार पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका, पाने जाड, चकचकीत आणि समोरासमोर. एवढ्यावर फोटो पाहून ‘नागचाफा’ असे सांगून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. पण हेच वर्णन सुरंगीला लागू पडते, आणि बऱ्याच अंशी उंडीलाही. तिन्ही सदाहरित, तिन्ही एकाच कुलातली, आणि कोकणात फिरताना तिन्ही दिसतात. गफलत होणारच. ती टाळायला भिंगसुद्धा लागत नाही. फुलाच्या फक्त तोंडाकडे बघत बसण्याची सवय तेवढी सोडावी लागते.

फूल समोरून टिपणे आणि तेवढ्यावरच थांबणे

सगळ्यात मोठी चूक हीच. पाकळ्या आणि पुंकेसर सुंदर दिसतात म्हणून कॅमेरा तिथेच रोखला जातो. खरी माहिती फुलाच्या पाठीमागे असते, आणि फूल फांदीवर नेमके कुठे आले आहे यात असते.

नागचाफ्याचे, म्हणजे मेसुआ फेरियाचे, फूल मोठे, तळहातात ठळकपणे बसेल एवढे. ते पानाच्या बगलेत किंवा फांदीच्या टोकाशी एकटे, नाहीतर जोडीने येते. मागून पाहिले तर चार निदले, म्हणजे पाकळ्यांमागची दले, दिसतात, दोन-दोनच्या जोड्यांत. पाकळ्या गळून जातात, निदले मात्र राहतात. पुढे ती जाड, लाकडासारखी होतात आणि टोकदार फळाला खालून धरून ठेवतात. झाडाखाली असे एक वाळलेले फळ सापडले की नागचाफा ठरवायला फूल बघायचीही गरज पडत नाही.

सुरंगीचे, म्हणजे मॅमिया सुरिगाचे, गणित वेगळे. तिची फुले लहान आणि ती पानांच्या खाली, जुन्या फांदीच्या उघड्या पेरांवर गच्च घोस करून येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिंधुदुर्गात ज्या कळ्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला येतात त्यातली एक कळी हातात घेऊन बघा. निदले सुटी दिसत नाहीत. कळी म्हणजे एक बंद गोळी असते, आणि उमलताना ती दोन शकलांत फाटते. चार सुटी निदले की दोन शकले, एवढ्या एका प्रश्नावर नागचाफा आणि सुरंगी वेगळी होतात.

उंडी, कॅलोफायलम इनोफायलम, फुलांचे तुरे काढते. तिच्या पाकळ्या मोजण्याच्या नादी लागू नये. आतली निदलेही पांढरी, पाकळीसारखीच असतात, त्यामुळे कोणी चार मोजतो, कोणी आठ. त्यापेक्षा पुंकेसरांच्या मधोमध बघा: गुलाबी-लालसर, गोल अंडाशय आणि त्यावर लांब, वाकडी परागवाहिनी. पुढे फळ होते तेही गोल, एकाच बीचे. उंडीचे कडू तेल त्याच बीचे.

पानाची फक्त वरची बाजू बघणे

फुले वर्षातले थोडेच दिवस असतात, पाने बारा महिने. म्हणून पानावरून ओळखायला शिकणे जास्त उपयोगाचे, असे माझे ठाम मत आहे. पण ‘जाड, चकचकीत, हिरवे’ हे वर्णन सदाहरित जंगलातल्या निम्म्या झाडांना लागू पडते. शिरा बघायच्या.

उंडीच्या पानात मध्यशिरेपासून बारीक शिरा अगदी दाटीने, एकमेकींना समांतर, जवळजवळ काटकोनात कडेपर्यंत जातात. पान उजेडासमोर धरले की या रेषा स्पष्ट दिसतात, आणि त्यांच्या अधूनमधून चिकाच्या नळ्या जातात. पान रुंद, टोक गोलसर, कधी खाचदार. नागचाफ्याच्याही शिरा दाट आणि समांतरच, पण इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांना पान जवळजवळ गुळगुळीत वाटते. मात्र पान अरुंद आणि टोकदार, आणि ते पालटले की बहुतेक झाडांत खालची बाजू पांढुरकी, मेण फासल्यासारखी. सुरंगीचे पान या दोघांपेक्षा लांब आणि दणकट. त्यात समांतर रेषा नाहीत, शिरांची जाळी आहे.

एक सावधगिरी. घाटातल्या सदाहरित जंगलात कॅलोफायलमच्या इतर जातीही आहेत आणि त्यांची पाने उंडीपेक्षा लहान किंवा अरुंद असतात. गोल टोकावरच भिस्त ठेवली तर तिथे फसाल. शिरांची ठेवण मात्र तिथेही कायम राहते.

कोवळी लालभडक पालवी हा नागचाफ्याचा पुरावा मानणारेही आहेत. ती देखणी असते यात वाद नाही, पण उष्ण कटिबंधातल्या कितीतरी सदाहरित झाडांची पालवी लालच येते. आंब्याचीसुद्धा.

चीक बघायला सरळ कोयता मारणे

या मंडळींना चीक असतो हे पुस्तकात वाचलेले असते, म्हणून खोडावर घाव घालून बघण्याचा मोह होतो. त्याने झाडाला जखम होते आणि हाती फारसे काही लागत नाही. या तिघांच्या नात्यातल्या कोकमाच्या प्रजातीत, गार्सिनियात, चीक पिवळा असतो हे खरे; बाकी तिघांत पांढुरका, पिवळट अशा छटांवरून निकाल देता येत नाही. बघायचाच असेल तर पडलेल्या ताज्या पानाचा देठ मोडून बघा.

आणि धोका वेगळाच आहे. याच जंगलात होलिगार्ना प्रजातीची, बिब्ब्याच्या कुलातली झाडे असतात. त्यांचा चीक हवा लागली की काळा पडतो आणि अंगाला लागला तर फोड येतात. म्हणून आधी पानांची मांडणी बघा. वरची चारही झाडे, म्हणजे नागचाफा, सुरंगी, उंडी, कोकम, समोरासमोर पानांची. होलिगार्नाची पाने एकाआड एक, आणि देठावर बारीक काट्यासारखी उपांगे. पाने एकाआड एक दिसली तर हात लावायचा नाही, संपले.

रोपवाटिकेतल्या पाटीवर विश्वास

‘नागचाफा’ म्हणून आज तीन अगदी वेगळी झाडे खपतात. एक हा मेसुआ. दुसरे प्लुमेरिया पुडिका, पांढऱ्या चाफ्याचे भावंड, ज्याचे पान नागाच्या फण्यासारखे टोकाला रुंद होते. ते झुडूप पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलू लागते. तिसरे कैलासपती, दक्षिण अमेरिकेतून आलेले, खोडावर फुले आणि तोफगोळ्याएवढी फळे धरणारे. तिघांची कुले तीन. लावलेला ‘नागचाफा’ वर्षभरात फुलला तर तो मेसुआ नव्हे. मेसुआ फार सावकाश वाढतो.

काष्ठौषधींच्या दुकानातही हीच तऱ्हा. आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडिया या अधिकृत औषधग्रंथाप्रमाणे नागकेशर म्हणजे मेसुआ फेरियाचे वाळवलेले पुंकेसर. बाजारात मात्र लाल नागकेशर म्हणून सुरंगीच्या वाळक्या कळ्या मिळतात आणि काळे नागकेशर म्हणून दालचिनीच्या प्रजातीतली कच्ची फळे. पुडी उघडून बघा. सुटे, तारांसारखे पिवळट-तपकिरी केसर असतील तर खरा माल. देठासकट गोल तांबूस कळ्या असतील तर सुरंगी. तळाशी वाटी असलेले, चुरडल्यावर दालचिनीचा वास येणारे दाणे असतील तर तिसरेच काही.

‘याचे कुल कोणते?’ याला एकच उत्तर समजणे

एका पुस्तकात गटिफेरी, दुसऱ्यात क्लुसिएसी, तिसऱ्यात कॅलोफायलेसी. वाचक गोंधळतो आणि यातले एक पुस्तक चुकीचे आहे असे समजतो. तसे नाही. गटिफेरी आणि क्लुसिएसी ही एकाच कुलाची जुनी-नवी नावे, दोन्ही चालतात. त्या मोठ्या कुलात कोकम, उंडी, सुरंगी, नागचाफा सगळे एकत्र होते. 2009 साली आलेल्या एपीजी-3 या वर्गीकरणाने उंडी, सुरंगी आणि नागचाफा यांना कॅलोफायलेसी म्हणून वेगळे काढले. कोकम क्लुसिएसीतच राहिले.

कारण गमतीचे आहे. डीएनए तपासल्यावर दिसले की नागचाफ्याची मंडळी कोकमापेक्षा हायपेरिकम या पिवळ्या फुलांच्या वनस्पतींच्या कुलाला आणि पोडोस्टेमेसीला जवळची आहेत. पोडोस्टेमेसी म्हणजे सह्याद्रीतल्या ओढ्यांत खडकाला शेवाळासारख्या चिकटलेल्या, पाणी ओसरल्यावर फुलणाऱ्या इवल्या वनस्पती. त्यांना बाहेर ठेवून नागचाफा आणि कोकम एका कुलात ठेवणे वंशावळीला धरून होत नव्हते. डोळ्यांना दिसणारी खूण हवी असेल तर फुलाचे मधले अंग बघा: कोकमात कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे टोक, अंडाशयावरच बसलेली असते, या तिघांत मध्ये परागवाहिनी असते.

जातीच्या नावांचेही तसेच. वनस्पतिअभ्यासक कुकच्या 1901 ते 1908 दरम्यान निघालेल्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात, म्हणजे वनस्पतींच्या सूचिग्रंथात, सुरंगी ‘ऑक्रोकार्पस लाँगिफोलियस’ या नावाखाली सापडते. ती वेगळी जात नव्हे. नोंद करताना दोन्ही नावे लिहून ठेवावीत. मेसुआ फेरिया हे नाव मात्र 1753 साली लिनीअसने दिले ते आजही तेच आहे.

सुरंगीला फळ धरत नाही म्हणून झाड तोडणे

सुरंगीत काही झाडांना नुसती नरफुले येतात, काहींना द्विलिंगी. नराला फळ कधीच धरणार नाही. खत घालून, छाटणी करून उपयोग नाही. कोकमातही नर-मादी झाडे वेगळी, हे बागायतदारांना ठाऊक असते, पण सुरंगीच्या बाबतीत ते विसरले जाते. वळेसरासाठी नराच्या कळ्याही चालतात.

जागा न लिहिणे

केरळ-तामिळनाडूच्या घाटांत मेसुआ हे सदाहरित जंगलातले प्रमुख झाड आहे, तिथल्या एका वनप्रकाराच्या नावातच ते येते. महाबळेश्वर-भीमाशंकरची सदाहरित जंगले अंजनी, जांभूळ आणि पिसा यांची. तिथे नागचाफा दिसला तर तो कोणी लावलेला आहे का, हे आधी विचारावे. उंडी किनाऱ्याची, तिची फळे समुद्रावर तरंगत लांब जातात. म्हणून नोंदीत गाव, अंदाजे उंची, रान की देवळाचे आवार, एवढे तरी हवेच.

एवढे करूनही अडले, तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा आणि मुंबईत सेंट झेवियर्समधला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. तिथे जाताना पाने-कळ्यांसकट फांदी, फूल मागून घेतलेला फोटो आणि मिळाल्यास फळ न्यावे. अभयारण्यातून परवानगीशिवाय फांदी तोडणे गुन्हा आहे. तिथे फोटोवरच भागवावे. नमुना दाबून वाळवताना ही जाड पाने लवकर सुकत नाहीत, कागद रोज बदलला नाही तर बुरशी येते.